कानातला माग

पिक्चर कसा होता, असं त्यानं आयुष्यात कुणाला विचारलं नाही. तो विचारायचा, "किती वेळ बंद?"

नवख्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून आधी ते सांगतो. आम्ही सीमाभागातल्या शहापूरचे विणकर, साड्या विणणारे. पॉवरलूमच्या शेडमध्ये दिवसभर उभं राहिलेल्या माणसाच्या कानातून मागाचा आवाज जात नाही. माग बंद केला, घरी आलं, जेवलं, आडवं झालं, तरी कानात खट्टाक-खट्टाक चालूच. देवळात चालू, लग्नात चालू, कुणाच्या मयताला गेलं तरी चालू. आम्ही ओरडून बोलतो म्हणून बाहेरचे लोक हसतात. हसू देत. आम्ही त्या आवाजाच्या वरनं बोलतो, एवढंच.

तर त्याचं म्हणणं असं, की पिक्चर म्हणजे दुसरं काही नाही. ज्या पिक्चरला कानातला माग बंद पडतो तो पिक्चर. जितका वेळ बंद, तितका तो मोठा.

तो आमच्या शेडचा जॉबर. जॉबर म्हणजे मागाची दुरुस्ती करणारा. आम्ही त्याला जॉबरच म्हणायचो, त्याची बायकोसुद्धा चारचौघांत जॉबरच म्हणायची. काडीसारखा माणूस, खिशात कायम दोन पाने आणि एक स्क्रू ड्रायव्हर. थेटरातसुद्धा ते काढून ठेवायचा नाही. खुर्चीत बसला की खिसा वाजायचा.

माझी बायको जाऊन आता वर्ष होत आलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, लिहिणं माझं काम नव्हे. पण तिच्याबद्दल काही सांगायला गेलं की हाच पुढं येऊन उभा राहतो. कारण तिच्या शेवटच्या दिवसांत मी त्याला घरातून हाकलला होता, आणि तो परत आला नसता तर एक गोष्ट मला कधीच कळली नसती. ती सांगायची आहे. पण आधी माणूस कसा होता ते सांगू दे.

आमच्याकडं अमावास्येला माग बंद. त्यामुळं आम्ही पिक्चर बघायचो ते अमावास्येला, दुपारच्या खेळाला. तोवर गावभर त्या पिक्चरची गोष्ट सगळ्यांना पाठ झालेली असायची. जॉबरला त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचा, "गोष्ट ठाऊक असली म्हणून काय झालं? बाई साडी नेसायच्या आधी बघत न्हाई व्हय?"

अंधार झाला की तो मनगट डोळ्याशी नेऊन घड्याळ बघायचा. मग मधेच कधीतरी परत बघायचा. मी एकदा विचारलं, "माग बंद झालेला तुला कळतो कसा? कळला म्हणजे चालूच झाला की."

"बंद झालेला कळत न्हाय रं," तो म्हणाला. "चालू झालेला कळतंय. मग मागं जायाचं. शेवटचा आवाज कुठं ऐकलोतो? ती बाई नदीवर गेल्ती तिथं. आता ती म्हातारी झाली. मधलं सगळं बंद."

पिक्चर सुटला की खडेबाजारातल्या एका हाटेलात च्या. च्या येईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा त्याचा नियम. च्या आला की एकेकाला विचारायचा. कुणी म्हणायचं दहा मिनिटं, कुणी अर्धा तास. आमच्यातला एक कायम "पुरा पिक्चर बंद" म्हणायचा, त्याला तो म्हणायचा, "झोपलेलं धरत न्हाय."

हिरोवरनं भांडणं लागायची, तेव्हा तर तो चिडायचाच. हा मोठा का तो मोठा, याचा चांगला का त्याचा चांगला. जॉबर म्हणायचा, "काल खाल्लेली भाकरी मोठी का आज खाल्लेली? तुला भूक कवा लागल्ती ते सांग." त्याचं म्हणणं, दोन पिक्चर शेजारी ठेवून बघताच येत नाहीत, कारण मधे बघणारा बदललेला असतो. आणि दुसऱ्याचा पिक्चर आपल्याला दिसतच नाही. तुझा माग तुझ्या कानात, माझा माझ्या.

मला हे पटायचं नाही. माझं मत सरळ होतं. मारामारी असेल तर पिक्चर. रडारड असेल तर खोटं. पडद्यावर कोण रडायला लागलं की मी मोठ्यानं म्हणायचो, "हे खोटं हाय." पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे. माझी बायको पदर तोंडाशी धरून गप बसायची.

तिला रडके पिक्चर आवडायचे. बांगड्या विकणाऱ्या एका बाईचा पिक्चर होता. तिची बहीण लहानपणी जत्रेत हरवलेली असते, आणि ती जत्रेजत्रेतून हात बघत हिंडते, कारण बहिणीच्या मनगटावर भाजल्याची खूण. तो ती माझ्या माघारी तीनदा बघून आली. मी घरी तिला म्हणायचो, "रडायचं असंल तर कांदा चिर. त्याला तिकीट लागत न्हाय." चाळीस वर्षं मी हा एकच विनोद केला. ती चाळीस वर्षं काही बोलली नाही.

ती पण मागाचीच होती. घरात बसून कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळायची, आणि भिंतीपलीकडं शेड. तिच्या पण कानात माग होता. पण ते मला सुचलंच नव्हतं. एका अमावास्येला आम्ही दोघं आणि जॉबर असे गेलतो, आणि च्या आल्यावर त्यानं आधी तिला विचारलं, "वैनी, तुमचा किती वेळ बंद?"

मी हसलो. म्हटलं, "तिला काय विचारतोस? तिला हिरोचं नाव तरी ठाऊक हाय का?"

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. थांबून राहिला. ती कपाकडं बघत होती. च्यावर साय आली. मग म्हणाली, "पाऊण तास आसंल, भावजी."

"मधी काय झालं मग?"

"दूध वर ठेवून आलोय का काय, असं वाटलं."

"आणि परत बंद?"

"व्हय. मग ती बाई गायला लागली तवा परत."

तो मान हलवत राहिला, जसा बिघडलेल्या मागाचा आवाज ऐकताना हलवायचा. त्या दिवसापासून तिला हा माणूस आवडायला लागला. साधा एक प्रश्न. तो मी कधी विचारला नव्हता.

जॉबर कधी खोटं बोलायचा नाही, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढं त्याच्यावर सगळं अवलंबून आहे. आमच्या भागातल्या एका मोठ्या शेडमालकानं एकदा स्वतः पिक्चर काढला. मुलाला हिरो केला. सगळ्या विणकरांना फुकट खेळ आणि वर जेवण. जेवताना मालक पंगतीतनं फिरत होता, आणि जो तो "लई भारी अण्णा, लई भारी" म्हणत होता. मी पण म्हणालो. जिलेबी तोंडात होती. मालक जॉबरपुढं आला आणि म्हणाला, "काय जॉबर, किती वेळ बंद?" त्याला ती सवय ठाऊक होती, त्यानं हौसेनं विचारलं.

"सात मिनिटं," जॉबर म्हणाला.

मालक पुढं निघालेला, तो मागं वळला.

"सात?"

"त्यातली पाच तुमच्या मुलाची न्हाईत. ती मागं एक म्हातारा बैल पुसत हुता बगा, त्याची. त्याला पुढच्या पिक्चरात मोठं काम द्या."

त्या मालकाच्या शेडचीही दुरुस्ती याच्याकडं होती, ती दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या जॉबरकडं गेली. याच्या बायकोनं त्याला किती बोललं असंल देव जाणे. मी म्हटलं, "अर्धा तास म्हटला असतास तर काय बिघडलं असतं?" तर म्हणाला, "मग उद्या तुला खरा अर्धा तास सांगितला तर तू इश्वास कसा ठेवशील?"

कन्नड पिक्चरही तो तितकेच बघायचा. आमच्याकडं भाषेवरनं वातावरण तापलं की एका भाषेचा माणूस दुसऱ्या भाषेच्या पिक्चरला जाताना चार बाजूला बघून जातो. हा सरळ जायचा. गल्लीतल्या पोरांनी एकदा अडवून विचारलं, तर कानाला हात लावून म्हणाला, "ह्यातला माग मराठीबी न्हाय, कन्नडबी न्हाय. त्याला जो बंद करंल त्याचा मी." एकजण हसला, मग सगळे हसले.

नव्या मॉलमधल्या थेटरात त्याला त्याच्या जावयानं नेलं. परत आला तो कान चोळत. "काय सांगू," म्हणाला, "त्यांनी शेडच आत आणून ठेवलंय. एवढ्या आवाजात माझा माग बंद हाय का चालू, त्ये बी ऐकू आलं न्हाय." आणि मोबाईलवर पोरं बोटानं सरकवत बघतात त्याबद्दल म्हणायचा, "माग बंद करायला हात जाईपतोर संपतंय की."

माझ्या बायकोला दुखणं झालं ते पोटातलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरी न्या, खायला मागेल ते द्या. मी तिला सांगितलं, अल्सर आहे, वेळ लागेल. मुलीला सांगितलं, तुझ्या आईला काही कळू देऊ नकोस. शेड तोवर बंद झालेलं, माग भंगारात गेलेले. घरात शांतता होती आणि त्यात कानातला माग आणखी मोठ्यानं वाजायचा, तिला ते सहन व्हायचं नाही. दुपारी दोनच्या सुमाराला दुखणं वाढायचं. गोळी दिली तरी तासभर ती भिंतीकडं तोंड करून पडायची, आणि मी बाहेर ओट्यावर जाऊन बसायचो. मला ते बघवायचं नाही. हे मी आता सांगतोय. तेव्हा कुणी विचारलं असतं तर वारा घ्यायला बसलोय म्हटलं असतं.

जॉबर तिला बघायला आला, आणि बघून गेला तो दुसऱ्या दिवशी बरोबर दोनला परत आला. खिशात पेनड्राइव्ह. टीव्हीच्या मागं हात घालून त्यानं ते लावलं, जसं मागाखाली हात घालायचा तसं. मग रोज दोनला यायचा. मी औषधाला, बाजाराला निघून जायचो. बरंच वाटायचं, कुणीतरी बसलंय म्हणून.

एके दिवशी गोळ्या दुकानात मिळाल्या नाहीत, चार ठिकाणी फिरलो, डोकं तापलेलं. घरी आलो तर ही उशीला टेकून ढसाढसा रडतेय. टीव्हीवर तोच बांगड्यांचा पिक्चर. आणि शेजारी हा, तो पण डोळे पुसतोय. माझा तोल गेला. टीव्हीची वायर ओढून काढली आणि ओरडलो, "मरायला टेकलेल्या बाईला रडवतोस व्हय रं? भाईर हो! परत पाय ठेवू नको!"

बोललो, आणि मग काय बोललो ते मलाच ऐकू आलं.

तो उठला. पाने खिशात वाजले. पेनड्राइव्ह न घेताच गेला.

बायको माझ्याकडं बघत राहिली. रडणं थांबलं होतं. म्हणाली, "मला ठाऊक हुतं. पर तुमच्या तोंडानं ऐकायचं नव्हतं."

नंतर ती माझ्याशी बोललीच नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पेज दिली तर दोन घोट घ्यायची, भांडं खाली ठेवायची. दोन वाजले की भिंतीकडं वळायची. मी म्हटलं, टीव्ही लावू? बोलली नाही. म्हटलं, कांदा चिरू का? आपलं हसवायला म्हटलं. तिनं डोळे मिटले. तो विनोद मी नंतर परत केला नाही. दिवस थोडे राहिलेत हे आता दोघांनाही ठाऊक होतं, आणि ते असे चालले होते.

पाचव्या दिवशी वडगावला गेलो, त्याच्या घरी. तो दारात बसून कुणाची तरी शिलाई मशीन उघडून बसला होता. मी उभा राहिलो. तो स्क्रू फिरवत राहिला.

"चल," म्हटलं.

"कुठं?"

"कुठं म्हंजे? घरी. ती बोलत न्हाय."

"तुझ्याशी बोलत न्हाय. त्यात मी काय करू?"

माझ्या तोंडात माफीचा शब्द कधी बसलेला नाही. मी म्हटलं, "ती रडत हुती रं. मला वाटलं दुखतंय."

तेव्हा त्यानं हातातलं खाली ठेवलं. "आप्पा," म्हणाला, "तू आत आलास तवा पंचवीस मिनिटं झालती. पंचवीस मिनिटं तिनं पोटावर हात न्हेला नव्हता. मी घड्याळ लावून बसलोतो. तिचा मागबी बंद, दुखणंबी बंद. रडत हुती ती त्या बहिणीसाठी. सोतासाठी न्हवं. तू आलास आणि दोन्ही चालू केलास."

मी ओट्यावर बसलो. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं.

"येतो," तो शेवटी म्हणाला. "पर तू बसायचं आमच्यासंगं. ओट्यावर जायाचं न्हाय. आणि 'हे खोटं हाय' म्हणायचं न्हाय. येक डाव जरी म्हटलास तर मी उठलो."

दुसऱ्या दिवशी दोनला आला. मुलीनं उशा लावून तिला बसवलं. जॉबर म्हणाला, "वैनी, कुठनं लावू? राह्यलंय तिथनं?"

"पहिल्यापासनं," ती म्हणाली. पाच दिवसांत मी ऐकलेला तिचा पहिला शब्द.

मी खाटेच्या पायाशी स्टूल घेऊन बसलो. पिक्चर सुरू झाला. खरं सांगतो, मला तो आवडला नाही. ती बाई एवढ्या जत्रा हिंडते आणि चपला नव्याच्या नव्या. माझ्या जिभेवर आलं होतं. जॉबरनं नुसतं माझ्याकडं बघितलं, मी गिळलं. बायकोनं ते बघितलं आणि तिच्या तोंडावर थोडंसं काहीतरी हललं.

मध्यावर त्यानं पिक्चर थांबवला आणि माझ्या मुलीला हाक मारली. "साकु, इंटरवल," म्हणाला. इंटरवलशिवाय पिक्चर बघणं म्हणजे त्याला पाप वाटायचं. मुलीनं च्या आणला. हिला चमच्यानं दोन घोट दिले. मग त्यानं विचारलं, "वैनी, किती वेळ बंद?"

"ह्यांनी बोलणं गिळलं तवर," ती म्हणाली. आम्ही सगळेच हसलो. तिला हसताना दुखलं, तरी हसली.

जॉबर कप खाली ठेवून म्हणाला, "येक इचारायचं राह्यलंय बगा. आजपतोर सगळ्यात जास्त कवा? ह्योच असंल म्हणा."

"ह्यो न्हवं."

"मग?"

"पैलवानाचा."

मला वाटलं ताप चढलाय हिला. पैलवानाचा पिक्चर आम्ही निपाणीला बघितला होता, लग्न होऊन नुकतं कुठं वर्ष झालं असेल. तिचं माहेर निपाणीचं. मीच हट्टानं नेलं होतं. तीन तास नुसत्या कुस्त्या आणि मारामाऱ्या. बाहेर आल्यावर ती "डोकं दुखतंय" म्हणाली होती, आणि मी सासऱ्यापुढं तिची थट्टा केली होती, की तुमच्या मुलीला पिक्चरमधलं काही कळत नाही.

"त्यात काय हुतं तुझ्यासाठी?" मी विचारलं.

ती जॉबरशीच बोलली. "पिक्चर कुठं बघितला मी, भावजी. तिकडं कुस्ती लागली आणि ह्यांनी माझा हात धरला. घट. डाव पडला की आणि घट. बांगड्या रुतल्या. ह्यांना ठाऊकबी न्हाय. पिक्चर सुटला, दिवे लागले, तवा सोडला. तवर सगळं बंद." थोडी थांबली, दम घेतला. "मग मी मारामारीच्या पिक्चरला कवा न्हाय म्हणालो न्हाय. पुढं जरा कमी धरायचे. पर धरायचे."

जॉबरनं घड्याळाकडं बघितलं नाही. च्याचा कप उचलला, त्यात काही नव्हतं, परत ठेवला. चपला घालून दारापर्यंत गेला, तिथनं म्हणाला, "उरलेला उद्या," आणि निघून गेला.

मुलगी कप घेऊन आत गेली. मी स्टूल वर सरकवून घेतलं. तिचा हात गोधडीवर होता. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या इतका बारीक झालेला. मी तो हातात घेतला. मला सगळं बोलायचं होतं, आणि मला बोलता येत नाही.

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"आता कशाला?" म्हणाली. "आता कुठं मारामारी चाललीया?"

मी सोडला नाही.